दिवाण बैलाचं बाळंतपण

लालसिंगचा बैल गाभण आहे ही बातमी आसेगावाजवळच्या तांड्यावर पोचली तेव्हा खुद्द लालसिंग अजून वाटेतच होता. बातमी पोचवली सेवालालनं. सेवालाल म्हणजे लालसिंगचा चुलतभाऊ. ज्या पिकअपमध्ये बैल उभा होता तिचा मालक, ड्रायव्हर, आणि पोटात एखादी गोष्ट ठेवायची म्हटलं की ज्याच्या जिवाला घोर लागतो असा माणूस. परतताना पुसदला चहाला गाडी थांबली. लालसिंग बैलाला पाणी पाजायला मागे गेला, तेवढ्यात सेवालालनं निम्म्या तांड्याला फोन लावून टाकले.

आता बैल गाभण कसा राहतो, असं जनावरातलं काहीच न कळणाऱ्यानं विचारलं तर एकवेळ ठीक. पण लालसिंगला जनावरातलं सगळं कळतं, निदान त्याचं स्वतःचं तसं म्हणणं आहे. त्याचे पणजोबा बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून निजामाच्या मुलखातून वऱ्हाडात आणि वऱ्हाडातून परत असे जन्मभर चालले, आणि वाटेत त्यांना कुणी म्हटलं नाही की बाबा, बैलाचा कान दाखव. हे तो तेलंगणाच्या हद्दीवरच्या तपासणी नाक्यावरही म्हणाला. नाक्यावरच्या माणसानं ते सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हटलं, कान दाखवा.

मुळात लालसिंग बैल घेऊन निघाला होता तो पोरीसाठी. मंजू ही त्याची एकुलती एक पोर, पैनगंगेपलीकडे तेलंगणातल्या तांड्यावर दिलेली. तिच्या सासरच्या जोडीतला एक बैल मागच्या हिवाळ्यात लम्पीनं गेला. तिचा सासरा गोविंदसिंग मोजकं बोलणारा माणूस. त्यानं फोनवर सांगून टाकलं की एका बैलावर पेरणी होत नाही, शेत ठेक्यानं देतो आणि घराला कुलूप लावून सगळेच हैदराबादला बांधकामावर जातो. सगळेच म्हणजे मंजूही, आणि तिचं नुकतं पाऊल टाकायला लागलेलं पोरही. ते ऐकून लालसिंगला आपले दिवस आठवले. तो आणि त्याची बायको गोमतीबाई उभी जवानी ऊसतोडीला गेले होते. मंजू जन्मली ती उसाच्या फडावरच्या पाचटाच्या कोपीत. तिची शाळा दरवर्षी दिवाळीनंतर सुटायची, आणि अशी सुटत सुटत एक वर्षी कायमचीच सुटली. तेव्हापासून लालसिंगनं मनाशी धरलं होतं की ही पोर सासरी तरी एका जागी राहील. म्हणून तो फोनवर व्याह्याला ताठ आवाजात बोलून गेला.

"इवाईबुवा, पेरणीच्या आंदी माहा दिवाण तुमच्या दावणीले दिसन. लालसिंगची जबान हाय हे."

गोविंदसिंग म्हणाला, बैल आला तर राहू, नाही आला तर मिरगाआधी निघू.

दिवाण द्यायला तसं काही जड नव्हतं. लालसिंगचं तुकडाभर शेत आता भाड्याचा ट्रॅक्टर वाहून देतो. दिवाणाला दिवसभर कुटार खाणं आणि येणाऱ्याजाणाऱ्याकडून आपल्या वशिंडाचं कौतुक करून घेणं, एवढंच काम उरलं होतं. तो पांढरा, धिप्पाड आणि स्वभावानं गरीब होता. पिकअपमध्येसुद्धा तो आपण होऊन चढला.

नाक्यावर त्या दिवशी रामराव होते. निवृत्तीला टेकलेले, नदीपल्याडच वाढलेले. त्यांच्या एका वाक्यात मराठी, तेलुगू आणि हिंदी शेजारी शेजारी बसत. लम्पीची साथ आल्यापासून नियम असा होता की हद्द ओलांडणाऱ्या जनावराच्या कानात नंबरचा बिल्ला हवा, लस टोचून महिना उलटलेला हवा आणि डॉक्टरचा दाखला हवा. दाखल्याचं लालसिंगला ठाऊकच नव्हतं, पण बिल्ला होता. पिवळा धम्मक, दिवाणाच्या डाव्या कानात. तो त्यानं तोऱ्यात पुढे केला. रामरावांनी नंबर मोबाईलमध्ये टाकला, चष्मा वर केला, खाली केला, मग गाडीच्या फळ्यांमधून वाकून दिवाणाकडे पाहिलं. चांगलं निरखून पाहिलं.

"भाऊ," ते म्हणाले, "हे तं गाय हाय."

लालसिंगला वाटलं, म्हातारा थट्टा करतो आहे. रामरावांनी मोबाईलच त्याच्यापुढे धरला. त्यात होतं की गाय, रंग कबरा, गाभण, दिवस भरत आलेले. आणि दिवस भरत आलेल्या जनावराला लांबच्या प्रवासाची मनाई. लालसिंग म्हणाला, साहेब, तुम्ही डोळ्यानं पाहून घ्या ना.

"पाह्यलं. डोळ्यानं बैलच हाय," रामराव म्हणाले. "पण माह्या डोळ्याले सही करता येत नाई."

सेवालाल स्टिअरिंगवर डोकं ठेवून हसत होता. त्याच्या कपाळाखाली हॉर्न दाबला जात होता, त्यामुळे मागच्या ट्रकवाल्यांनाही उतरून काय झालं ते विचारावंसं वाटलं.

परतीच्या वाटेवर लालसिंगला एकेक उलगडा व्हायला लागला. दिवाळीच्या सुमाराला तांड्यावर बिल्ले मारायचं शिबिर झालं होतं. तेव्हा त्याच्या गुरांच्या कोठ्यात दोन जनावरं होती, हा दिवाण आणि कबरी गाय. कबरी तेव्हा तीन महिन्यांची गाभण. एक माणूस लिंबाखाली खुर्ची टाकून मोबाईलमध्ये नोंदी करत होता, आणि दुसरा कोठ्यात शिरून आधी सुई टोचत होता, मग कानात बिल्ला मारत होता. कबरीनं सुई घेतली. पण बिल्ल्याची पक्कड पाहिली तशी गोमतीबाई आडवी आली. गाभण गाईचा कान टोचायचा नाही ही त्यांच्या घराची रीत. टोचला तर पोटातलं वासरू फाटक्या कानाचं निपजतं, असं गोमतीबाईची सासू सांगून गेली होती, आणि सासूनं सांगितलेलं तिनं बाकी काही पाळलं नसलं तरी एवढं पाळलं होतं.

पक्कडवाला खोळंबला. दारी आलेल्या माणसाला तसंच परत पाठवणं लालसिंगला बरं दिसेना. तेव्हा त्यानं डोकं लढवलं. घराला विजेचं मीटर एक असतं, रेशनकार्ड एक असतं, तसा कोठ्यालाही नंबर एक. मग तो कुणाच्या का कानात असेना. त्यानं दिवाणाचा कान पुढे केला. पक्कडवाल्याला कान हवा होता, तो मिळाला. आणि एका घराला दुसरं मीटर कोण घेतो, या हिशेबानं लालसिंगनं दिवाणाची वेगळी नोंद करू दिली नाही आणि त्याला सुईही टोचू दिली नाही. पुढे कबरीच्या पोटाची जी जी खबर लालसिंग दवाखान्यात कौतुकानं सांगत गेला, ती सगळी दिवाणाच्या कानातल्या नंबरावर चढत गेली.

गाडी तांड्यावर आली तेव्हा बायका ताट घेऊन वाटेतच उभ्या होत्या. सेवालालच्या बायकोनं खण, नारळ आणि ओंजळभर गहू आणले होते. त्यांनी दिवाणाला खाली उतरवून त्याची ओटी भरली. एकीनं शिंगात हिरव्या बांगड्या अडकवल्या. कुणी विचारलं, बाई, डोहाळे कशाचे लागले? दिवाणानं आधी गहू खाल्ले आणि मग खण खाल्ला. म्हाताऱ्या दौलतसिंगनं तर लालसिंगला बाजूला घेऊन गंभीरपणे विचारलं की जावई कोण. लालसिंग बैल कोठ्यात बांधून घरात शिरला.

गोमतीबाई बाहेर हसण्यात सामील झाली होती, खोटं कशाला बोला. पण घरात आल्यावर ती चुलीपाशी बसली आणि तिचा चेहरा उतरला.

"लोकायले हसू द्या," ती म्हणाली. "माही पोरगी सिमेंटचे घमेले वाहीन, त्याचं काय करता ते बोला."

दुसऱ्या दिवशी लालसिंग गुरांच्या दवाखान्यात गेला. तिथली डॉक्टर सुचिता वयानं लहान, रिसोडकडची, बोलायला मोकळी. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि मग औषधांच्या कपाटाकडे तोंड करून ती बराच वेळ काहीतरी शोधत राहिली. तिचे खांदे हलायचे थांबले तेव्हा ती परत वळली. पण मंजूचं ऐकल्यावर मात्र ती खुर्ची ओढून बसली आणि तिनं मन लावून वाटा शोधायला घेतल्या.

गाईचा बैल करून टाका, हे लालसिंगचं पहिलं म्हणणं. ते करता येत होतं, पण त्याचा अर्ज जिल्ह्याला जाणार, तिथून वर जाणार आणि वरून कधीतरी खाली येणार. तोवर मंजूच्या शेतातलं पीक कापणीला आलं असतं. मग दिवाणाला नवा नंबर द्या. तेही सोपं होतं. पण नवा नंबर म्हणजे नवी सुई, आणि सुईनंतर महिनाभर जागचं हलायचं नाही. पेरणी निघून जाणार. तेव्हा लालसिंगनं आपल्या मते नामी तोड काढली. तो म्हणाला, बाई, लिहून टाका की आता ती गाभण नाही, रिकामी आहे. खोटंही नाही, बैल रिकामाच असतो.

"काका, गाभण होती आणि आता नाही, म्हणजे गाभ गेला," सुचिता म्हणाली. "गाभ गेला म्हणजे सांसर्गिक गर्भपाताचा संशय. मग रक्ताची तपासणी, आणि रिपोर्ट येईपर्यंत तुमच्या तांड्यातलं एकही जनावर तांड्याबाहेर जाणार नाही. लिहू?"

पेरणीच्या तोंडावर अख्ख्या तांड्याचे बैल दावणीला अडकले आहेत, कारण लालसिंगच्या बैलाचा गाभ गेला, हे चित्र लालसिंगच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. त्यात सेवालाल त्याला स्पष्ट दिसला. त्यानं घाईघाईनं नको नको म्हटलं. मग मेली म्हणून लिहा, असंही तो चाचरत म्हणाला, पण मेलेलं जनावर नाक्यावर रवंथ करत उभं राहिलं तर रामराव काय म्हणतील ते त्याचं त्यालाच कळलं.

शेवटी सुचितानं सरळ सांगितलं. नंबर कबरीचा, सुई कबरीला बसलेली, पोटही तिचंच. बिल्ला दिवाणाच्या कानातून काढायचा आणि कबरीच्या कानात मारायचा, म्हणजे निदान कागद आणि जनावर एक होईल. आजच करू. लालसिंग म्हणाला, गाभण आहे. सुचितानं समजावलं की कान टोचल्यानं वासराला काही होत नाही. लालसिंग मान डोलवत राहिला आणि तसूभरही हलला नाही. तेव्हा ती म्हणाली, बरं, व्याल्यावर मारू. व्याल्यानंतर चार दिवस गेले की मग तो नंबर हद्दीपार जाऊ शकतो, फक्त वासरू बरोबर हवं, दूध पिणारं वासरू आईपासून तोडता येत नाही.

हे ती कबरीबद्दल बोलत होती. लालसिंगनं ते नंबराबद्दल ऐकलं. कबरी व्याली की नंबर व्याला. नंबर दिवाणाच्या कानात. म्हणजे दिवाण मोकळा. एवढं साधं गणित बाईला कसं सुचलं नाही, याचं नवल करत तो घरी आला.

तेव्हापासून कबरीचे लाड सुरू झाले. तिच्यापुढे सरकीची ढेप आली, गूळ आला, पंखा आला. लालसिंग सकाळ-संध्याकाळ तिच्या पोटाला कान लावून बसायचा आणि आतल्याला घाई करायला सांगायचा. कबरीला कसलीच घाई नव्हती. तिचे दिवस भरले, उलटले, तरी ती डोळे मिटून चघळत उभी. तिकडे गोविंदसिंग घराला लावायचं कुलूप विकत घेऊन आला, असं मंजूनं फोनवर सांगितलं. इकडे तांड्यात जो भेटेल तो विचारायचा, बैल जनला का? लालसिंगला आता राग येईनासा झाला होता. तो खरंच सांगायचा, नाही अजून, आज-उद्या.

मे महिना सरता सरता एका टळटळीत दुपारी कबरी व्याली. कालवड झाली, आईसारखीच कबरी. गोमतीबाईनं सगळ्यात आधी तिचे दोन्ही कान हातात घेऊन पाहिले. कान शाबूत होते. तिनं लालसिंगकडे असं पाहिलं की जणू ते त्या दोघांनी मिळून केलेलं काम होतं. लालसिंगनं लगेच सुचिताला फोन लावला आणि आनंदाच्या भरात, बाई, दिवाण जनला, असं सांगितलं.

सुचिता येऊन गेली. तिनं कबरीला तपासलं, वार पडल्याची खात्री केली, नोंद केली. कुणाला पाठवायचं आहे, असं तिनं विचारलं तेव्हा लालसिंग म्हणाला, नंबरवालीला. तिला वाटलं, माणूस शहाणा झाला, बैलाचा नाद सोडून पोरीला गाय देतो आहे. तिनं प्रवासाच्या दिवसाची तारीख घालून कबरी आणि वासराचा दाखला लिहून दिला, आणि बजावलं की निघायच्या आधी गाय दवाखान्यात आणा, बिल्ला मी माझ्या हातानं बदलते. लालसिंग हो म्हणाला. तंबाखू सोडा म्हटल्यावर तो जसं हो म्हणतो, तसं.

आता एकच अडचण उरली होती. दाखल्यात वासरू होतं, म्हणजे वासरू न्यायला हवं. वासराला दूध हवं, आणि दिवाणापाशी ते नव्हतं. तेव्हा चौथा दिवस उलटल्यावर पिकअपमध्ये तिघंही चढले. कबरी वासराची शिदोरी म्हणून नाक्यापलीकडे जाणार आणि दिवाण मंजूच्या हवाली झाला की वासरासकट परत येणार, असा लालसिंगचा बेत. दवाखान्यावरून जाताना त्यानं सेवालालला गाडी जोरात घ्यायला सांगितली.

नाक्यावर रामराव होतेच. नदीच्या पुलापलीकडून गोविंदसिंग दुसरी गाडी घेऊन आला होता, कारण सेवालालच्या गाडीला पलीकडे जायचा परवाना नव्हता. त्याच्याबरोबर मंजू होती, कडेवर पोर. लालसिंगला ती आधीपेक्षा वाळलेली वाटली. त्यानं तिला दुरून हात केला आणि दाखला रामरावांच्या हातात दिला.

रामरावांनी दाखला वाचला. गाय व्याली आहे, वासरू सोबत आहे, सुई झालेली आहे, सगळं ठीक. मग त्यांनी मान वर करून गाडीत पाहिलं. त्यांनी विचारलं, यातली बाळंतीण कोणती? लालसिंगनं डोळ्याची पापणी न हलवता दिवाणाकडे बोट दाखवलं. नंबर त्याच्या कानात होता. आणि ही कोण, असं रामरावांनी कबरीकडे पाहून विचारलं.

"हे वासराची शिदोरी हाय, सायेब. हे वापस येनार हाय."

रामरावांनी चष्मा काढून पुसला. नोकरीत त्यांनी पुष्कळ ऐकलं होतं, पण हे नवीन होतं. ते चिडले नाहीत. त्यांनी तिघांना खाली उतरवायला लावलं. दिवाणाला टिनाच्या शेडच्या एका टोकाला बांधलं, कबरीला दुसऱ्या टोकाला, आणि वासरू मधोमध सोडून दिलं. वासरू जिच्याकडे जाईल ती आई, असं त्यांनी जाहीर केलं. ट्रकवाले उतरले, चहावाला किटली घेऊन आला, सेवालालनं मोबाईलवर शूटिंग सुरू केलं.

वासरू लटपटत उभं राहिलं, इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि चक्क दिवाणाकडे निघालं. जन्मल्यापासून कोठ्यात दिवाण त्याच्या शेजारी होता, त्याला तो ओळखीचा. वासरानं दिवाणाच्या पोटाखाली तोंड घातलं, ढुसणी दिली, काही हाती लागेना म्हणून आणखी एक दिली. दिवाण लाजून एका पायावर उभा राहिला. लालसिंग मनातल्या मनात त्याला म्हणत होता, बाबा, घटकाभर सोस. तेवढ्यात शेडच्या दुसऱ्या टोकाकडून कबरी हंबरली. वासरू तिकडे पळत सुटलं आणि आचळाला लागलं. त्याचं शेपूट हलायला लागलं तसे ट्रकवाले टाळ्या पिटायला लागले.

रामरावांनी पक्कड आणली. दिवाणाच्या कानातला बिल्ला कापून काढला, आणि त्याच नोंदीवर नवा बिल्ला कबरीच्या कानात मारला. लालसिंगला अडवायलाही जागा नव्हती. ती आता गाभण नव्हती. कबरीनं खाणंसुद्धा थांबवलं नाही. मग रामरावांनी दाखल्यावर सही केली आणि कबरी व वासरू पलीकडे जाऊ शकतात असं सांगितलं. दिवाणाच्या कानात आता नुसतं भोक होतं. ना बिल्ला, ना सुई, ना दाखला. तो परत जाणार.

लालसिंग तिथंच मातीत बसला. इतक्या दिवसांत तो पहिल्यांदा चतुराई सोडून बोलला. त्यानं रामरावांना सगळं सांगितलं. पोरीचा बैल गेला, पेरणी चार दिवसांवर आली, हा बैल आज गेला नाही तर तिचं घर उठतं आणि ती पोर घेऊन हैदराबादला विटांच्या ढिगाऱ्यात राहायला जाते. तुमच्या पाया पडतो, म्हणाला. रामराव त्याच्याजवळ उकिडवे बसले.

"पोरीचा बैल कायनं मेला, भाऊ?"

"लम्पीनं."

"मंग बिना सुईचा बैल मी तिच्याच दावणीले काहून बांधू?"

रामराव उठून गेले. जाताना त्यांनी चहावाल्याला, याला चहा दे, अशी खूण केली.

लालसिंग हात जोडून गोविंदसिंगपुढे गेला. इवाईबुवा, माझी जबान गेली, एवढंच त्याला म्हणता आलं. गोविंदसिंग कबरीच्या भरलेल्या कासेकडे पाहत राहिला. मंजूनं कडेवरचं पोर सासऱ्याकडे दिलं, कबरीचं दावं हातात घेतलं आणि दुसऱ्या हातानं तिचं कपाळ खाजवलं. ती गाय परत येणार असं ठरलं होतं, हे लालसिंगच्या ओठावर आलं होतं. पोरीचा तो हात पाहून त्याला ते बोलवेना. पोरीला रिकाम्या हातानं कसं धाडायचं, असं म्हणून त्यानं वासराला उचलून पलीकडच्या गाडीत ठेवलं. मग तो दिवाणाला घेऊन घरी आला. तांड्यातल्या बायकांनी बाळंतिणीची तब्येत विचारली, आणि त्यानं हसायचा प्रयत्न केला, पण त्याला ते जमलं नाही.

मिरग लागला आणि मंजूचा फोन आला नाही. गोमतीबाई मोबाईल उशाशी घेऊन झोपायला लागली. दोघं एकमेकांशी भांडली, बिल्ल्यावरून, कानावरून, मेलेल्या सासूवरूनसुद्धा. मग एका सकाळी मंजूचा फोन आला तो शेतातून. त्यांच्या शेजाऱ्याकडेही एकच बैल उरला होता, आणि त्याची सून नुकती बाळंत झालेली, तिला दूध पुरत नव्हतं. रोज लोटाभर दुधावर सावड ठरली होती. त्याचा एक, यांचा एक, अशी जोडी जुंपून दोन्ही शेतं पेरून झाली होती. लालसिंगनं फोन ठेवला आणि दिवाणाला जाऊन सांगितलं. पण त्याच्या मनातली धाकधूक गेली नाही. पेरणी झाली म्हणून काय झालं. पीक निघालं की माणसं जायचीच. तो स्वतः जन्मभर तसाच गेला होता.

दिवाळी झाली आणि तेच झालं. हैदराबादचा मुकादम मंजूच्या दारात येऊन बसला. गोविंदसिंगनं आपलं, बायकोचं, मुलाचं आणि सुनेचं अशी चार नावं त्याला सांगितली. मंजू तेव्हा अंगणात धार काढत होती. ती उठली नाही, की तिनं मागे वळून पाहिलं नाही. ते तिनं फोनवर बापाला जसं घडलं तसं सांगितलं.

"मी म्हनलं, मी येतो, पण हिले कोन पाहीन? हे दुसऱ्या हाताले पान्हा सोडत नाई. तं मामाजी मुकादमाले म्हने, हे दोघी सासू-सुना राहतीन घरी, आमी बापलेकच येतो."

लालसिंगला रडू फुटलं, आणि ते त्यानं लपवलं नाही. गोमतीबाई कुटार टाकत होती, ती पाटी टाकून धावत आली. तिला वाटलं, पोरगी गेली. तिनं विचारलं, काय झालं, निघाले का ते?

"पोरगी घरीच हाय," लालसिंग म्हणाला. "दिवाण नेला असता ना गोमती, तं त्यायनं पेरून घेऊन त्याले कोनाच्याई दावणीले बांधून देल्लं असतं, अन् गेली असती आपली पोरगी."